स्पिरिटचा बोळा

चेतीबाई दुसऱ्यांदा वॉर्डात आली तेव्हा विठानं तिला ओळखलंच नाही. दिवाळीच्या सुमारास न्यूमोनिया बरा होऊन घरी गेलेली चेतीबाई म्हणजे धिप्पाड, मोठ्या आवाजाची, बोलता बोलता समोरच्याच्या गालाला हात लावणारी सिंधी बाई. आता जानेवारी संपत आला होता आणि स्ट्रेचरवरून खाटेवर घेतलेली बाई मुठीएवढी झाली होती. सगळ्या अंगाला हळद फासल्यासारखी कातडी, ओठ सुकलेले. विठा थर्मामीटर लावायला वाकली तेव्हा तिनं डोळे उघडले. डोळ्यांत जे पांढरं असायला हवं ते सगळं पिवळंधमक होतं.

"विठा बेटी," ती म्हणाली, "पहचाना नहीं?"

आवाजावरून ओळख पटली. असे डोळे ती महिन्याभरात तिसऱ्यांदा बघत होती. तिन्ही बायका याच वॉर्डातून बऱ्या होऊन घरी गेलेल्या होत्या.

विठा ही बदलापूर गावातल्या दौलतराव गायकरांची मुलगी. मराठी सातवी झाली, जमलेलं लग्न मोडलं, आणि दौलतरावांनी तिला नर्सिंगला घातलं. भावकीनं तोंडावर विचारलं होतं, "पोरगी परक्यांचं गू-मूत काढणार काय?" दौलतराव म्हणाले होते, "घरातल्यांचं काढतेच की. तिथं काढील तर सर्टिफिकीट तरी मिळंल." त्या दिवसापासून त्यांचं भावकीतलं उठणं-बसणं कमी झालं. विठाला हे ठाऊक होतं, म्हणून दीड वर्ष तिनं मान वर न करता काम केलं होतं.

इस्पितळ उल्हासनगरच्या कॅम्पात होतं. लष्करानं सोडलेल्या बराकींत निर्वासितांची वस्ती झाली, त्यांतल्याच दोन लांब बराकींत खाटा मांडून ते सुरू झालेलं. एका बराकीत बायकांचा वॉर्ड, चाळीस खाटा. तिच्याच पडवीत नर्सिंगचा वर्ग, चौदा मुली. वर्ग घेणारी आणि वॉर्ड चालवणारी बाई एकच होती, सिस्टर रणनवरे. नगरकडची, पन्नाशीची, चालतानाही पाठ न वाकवणारी.

सकाळी सातला वर्गात सिस्टर सांगत, "एका पेशंटला इंजेक्शन दिलं की सिरिंज आणि सुई वीस मिनिटं खळखळत्या पाण्यात उकळायची. त्यानंतरच दुसऱ्या पेशंटला हात लावायचा." मुली वहीत लिहून घेत. आठला त्याच सिस्टर वॉर्डात उभ्या राहून ओरडत, "अजून पंचवीस जणी राहिल्यात! डॉक्टर यायची वेळ झाली! हात चालवा!" वॉर्डात सिरिंजा होत्या तीन, सुया पाच, आणि सकाळची इंजेक्शनं पस्तीस. मोठ्या सिरिंजमध्ये पाच जणींचं औषध एकदम भरायचं, एकीला टोचलं की सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. ही रीत कुणी शिकवली नव्हती. आधीच्या मुली करायच्या ते बघून नंतरच्या मुली करायला लागायच्या.

पहिल्या वर्षी विठानं एकदा वर्गात उभं राहून विचारलं होतं. "सिस्टर, तीन सिरिंजा आणि पस्तीस पेशंट. दरवेळी वीस मिनिटं उकळायचं म्हटलं तर दुपार होईल. मग वेळेवर द्यायचं कसं?"

सिस्टर म्हणाल्या, "परीक्षेत हा प्रश्न येत नाही, गायकर. बस खाली."

मुली फिसकन हसल्या. विठा बसली ती बसलीच. सहामाहीला तिनं वीस मिनिटं उकळण्याचं उत्तर इतकं स्वच्छ लिहिलं की सिस्टरनी तिचा पेपर वर्गात वाचून दाखवला.

डॉक्टर दिनानाथ चेतीबाईला तपासून हात धुवायला वळले. "कावीळ. कॅम्पातलं पाणी, दुसरं काय! घरी सांगा उकळून प्यायला. रोज ग्लुकोज आणि लिव्हरचं इंजेक्शन द्या."

"सुई ये देगी," चेतीबाईनं विठाकडे बोट केलं. "इसके हाथ से दुखता नहीं."

विठा हसायला गेली, पण तिचं तोंड वळेना. डॉक्टर म्हणाले ते पाणी तिच्या डोक्यात फिरायला लागलं होतं. चेतीबाई चार नंबर कॅम्पात राहायची, तिच्या घरी नळाचं पाणी. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात औषधाला आलेली येसू अंबरनाथची. शिवमंदिराबाहेर बेल-फुलं विकायची, मंदिराजवळच्या विहिरीचं पाणी प्यायची. आणि संक्रांतीला विठा घरी गेली होती तेव्हा हळदीकुंकवाला शिरगावच्या कोंडाजीची बायको आली होती. तिला कुंकू लावताना विठाला ते डोळे दिसले होते. "जेवनावर वासनाच नाय गो," ती म्हणाली होती. तिच्या शेतात स्वतःची विहीर. तिघी जणी, तीन गावं, तीन पाणी. मग तिघींत सारखं काय होतं?

त्या दुपारी बेडपॅन धुता धुता तिला ते आठवलं आणि हात तसेच थांबले. दिवाळीच्या आधी त्या तिघी ओळीनं होत्या. दुसरी, तिसरी आणि चौथी खाट. पाचवीवर एक म्हातारी होती, ती पुढं मुलाबरोबर अजमेरला गेली. आणि पहिल्या खाटेवर होती नवसी, बारवीकडच्या एका ठाकूरवाडीतली आदिवासी बाई, छातीत कफ भरला म्हणून झोळीत घालून आणलेली. तिचे डोळे पिवळे होते. विठानं ते तेव्हा बघितले होते, तक्त्यावर लिहिलेही होते. पाच दिवस रोज सकाळी एका सिरिंजमध्ये पाच जणींचं पेनिसिलिन. सुरुवात पहिल्या खाटेपासून. नवसीला टोचायचं, बोळा फिरवायचा, येसूकडे जायचं.

ते पाचही दिवस सिरिंज विठाच्या हातात होती.

आणि त्यातल्याच एका सकाळी, नवसीच्या दंडातून सुई काढताना नवसी दचकली होती आणि सुई विठाच्या अंगठ्यात घुसली होती. रक्ताचा थेंब आला, तिनं तो चोखून टाकला होता.

विठा मोरीच्या कडेला बसली. बोटांवर दिवस मोजले. येसूला अडीच महिन्यांनी झालं होतं. चेतीबाईला सव्वातीन. आपल्याला टोचून किती झाले?

दुसऱ्या दिवसापासून तिचं सकाळचं पहिलं काम आरशात बघणं. मुलींच्या खोलीत खिळ्याला एक फुटका आरसा होता. ती तो काढून खिडकीशी न्यायची, खालची पापणी ओढायची. पांढरं आहे की पिवळसर? कालच्यापेक्षा वेगळं आहे का? भूक मेली होती. मेसमध्ये दाल-पकवानाच्या कडक पुऱ्या तळायला लागले की तेलाच्या वासानं मळमळायचं. हे भीतीनं होतंय की आजारानं, हे कळायला काही मार्ग नव्हता.

खोलीतली लाजवंती हे सगळं बघत होती. सिंधमधून काकाच्या हाताला धरून आलेली ही मुलगी, काका गेल्यापासून नर्सिंगची ही खोली हेच तिचं घर. एके सकाळी तिनं आरसा विठाच्या हातून काढून घेतला. "क्या देखती है रोज? बोल तरी."

विठानं सगळं सांगितलं. लाजवंतीनं आधी उठून दार लावलं.

"किसी को मत बोल," ती म्हणाली. "तू बोलशील, मग विचारतील अजून कोण असं करतं. सगळ्याच करतात. मी पण करते. तुला निकाललं तर तू बदलापूरला जाशील. मी कुठं जाऊ?"

पण त्या सकाळी वॉर्डात विठानं स्टोव्ह पेटवला, पातेलं चढवलं आणि प्रत्येक सिरिंज वीस मिनिटं उकळायला लागली. घड्याळ बघत उभी राहायची. पाणी खळखळायचं, बायका खाटांवरून माना वर करून बघायच्या. डॉक्टर राऊंडला आले तेव्हा पस्तीसांपैकी नऊ जणींना टोचून झालं होतं. एका क्षयाच्या पोरीचं इंजेक्शन दुपारपर्यंत राहिलं, तिच्या आईनं आरडाओरडा केला.

"गायकर!" सिस्टर रणनवरेंनी तिला स्टोअरच्या खोलीत बोलावलं. "काय चाललंय?"

विठानं दाराची चौकट धरली आणि सांगून टाकलं. नवसी, येसू, कोंडाजीची बायको, चेतीबाई. तीन पाणी. एक सिरिंज.

सगळं ऐकून घेतल्यावर सिस्टरनी कपाटातून एक फाईल काढली आणि तिच्यासमोर टाकली. त्यात कागदाखाली कागद लावलेले होते, सगळे त्यांच्याच अक्षरात. सिरिंजांची मागणी, दर तीन महिन्यांनी, दोन वर्षांची. प्रत्येकाखाली वरून आलेलं एकच उत्तर: आहे त्यात भागवावे.

"तुला काय वाटलं, मला मोजता येत नाही?" सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. मग आवाज बदलला. "पण नीट ऐक. तू हे बाहेर बोललीस तर पहिली चौकशी होईल ती मी काय शिकवलं याची. मी काय शिकवलं ते चौदा वह्यांत लिहिलेलं आहे. तुझ्या पेपरात तर तुझ्याच अक्षरात आहे. तुला माहीत होतं आणि तू केलं नाहीस, असंच ठरेल. आणि त्या नवसीच्या वाडीची माणसं उद्या दारात आली तर रोग आणणारी म्हणून त्यांना आत कुणी घेणार नाही. हवंय तुला?"

आपला स्वच्छ अक्षरातला पेपर विठाच्या डोळ्यांसमोर आला. ती बाहेर पडली. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरनी तिला इंजेक्शनांवरून काढून चादरी आणि बेडपॅनवर टाकलं.

फक्त चेतीबाई ऐकेना. दुसरी कुणी सिरिंज घेऊन आली की हात अंगाखाली लपवायची. शेवटी तिच्यापुरती विठाला परवानगी मिळाली. विठा तिची सिरिंज उकळून, फडक्यात झाकून आणायची. चेतीबाईचा दंड सुकून काठीसारखा झाला होता. टोचताना विठा श्वास रोखून धरायची.

"तू रोती क्यों है?" चेतीबाईनं एकदा विचारलं.

"नाही रडत."

"मैं ठीक हो जाऊँगी. पहले भी तूने ही ठीक किया."

सातव्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली. सिंधमधलं घर, छपरावर वाळत घातलेले कपडे, कुणीतरी खाली हाका मारतंय. आठव्या दिवशी तिला हाक ऐकू जाईना. नवव्या दिवशी भर दुपारी, दोघी मुली आणि नवरा मूलचंद खाटेशी उभे असताना, ती गेली. मूलचंद कापडाचे तुकडे विकणारा साधा माणूस. त्यानं विठापुढं हात जोडले. "तूने बहुत सेवा की," म्हणाला. विठाला ते हात खाली घ्यायला सांगायचं होतं.

रविवारी ती घरी गेली. आई, कौसाबाई, चुलीपाशी होती. विठानं आपला पेला वेगळा काढून ठेवला, ताट वेगळं घेतलं, जेवण झाल्यावर स्वतःच राखेनं घासून उन्हात पालथं घातलं.

"ह्या काय गो?" कौसाबाई बघत राहिली. "आता आमचा विटाळ होतो काय तुला?"

"तसं नाही, आये."

"मंग काय झाला? जेवत नाय, बोलत नाय, वर बघत नाय. कोनी काय बोलला तुला? सांग, बापाला सांगते."

बापाचं नाव निघालं आणि विठाची मान आणखी खाली गेली. अंगणात दौलतराव कुणालातरी सांगत होते, पोरीची परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात, मुंबईची मोठी बाई येणार आहे तपासायला. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की तिला उठून पळून जावंसं वाटलं. निघताना आई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आली. विठा डोळे मिटून उभी राहिली. आईनं इतक्या जवळून डोळे बघू नयेत, एवढंच तिला वाटत होतं.

परीक्षा वॉर्डातच झाली. मुंबईहून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात कागद. लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात होत्या, असं मुली कुजबुजत होत्या. एकेक मुलगी टेबलापाशी जायची, ट्रे मांडायची, उत्तरं द्यायची. सिस्टर रणनवरे बाईंच्या खुर्चीमागं उभ्या होत्या. लाजवंतीचं आधी झालं. परतताना तिनं विठाचा हात दाबला. मुकाट्यानं उत्तर दे, असा त्याचा अर्थ होता.

विठा पुढं गेली.

"एका पेशंटला इंजेक्शन दिलंस," बाई म्हणाल्या. "दुसरीकडे जायच्या आधी काय करशील?"

"सिरिंज आणि सुई वीस मिनिटं खळखळत्या पाण्यात उकळीन."

"बरोबर." बाईंनी कागदावर खूण केली. "आता पट्टी बांधून दाखव."

विठा जागची हलली नाही. तिला पट्टीचा गुंडाळा दिसत होता, हात पुढं करायचा होता, पण हात उचलेना. सिस्टरची नजर तिला टोचत होती. आणि मग तिला आपलाच आवाज ऐकू आला, बारीक, कापरा.

"पण इथं तसं करत नाही आम्ही."

बाईंनी मान वर केली. "मग कसं करता?"

"पाच जणींचं औषध एकदम भरतो. बोळ्यानं सुई पुसतो. तीन सिरिंजा आहेत आणि पस्तीस पेशंट." आता थांबता येईना. "दिवाळीच्या आधी मी तसं केलं. पहिल्या खाटेवरच्या बाईला कावीळ होती. ती बिचारी औषधाला आली होती, तिचा काय दोष! तिच्या पुढच्या तिघींना आता कावीळ झाली. एक मेली. पाचवी कुठं आहे ते माहीत नाही. मीच दिलं होतं सगळ्यांना."

सिस्टर पुढं आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, मुलीची तब्येत बरी नाही. एक पेशंट गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. हिचाच पेपर बघा, हिनं स्वतः..."

"इकडे ये," परीक्षक बाई विठाला म्हणाल्या. त्यांनी तिला दंडाला धरून खिडकीशी नेलं, तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली. मग दुसऱ्या डोळ्याची.

"तुला कधी टोचली होती का सुई?"

"हो. त्याच बाईची."

"लढाईत लस टोचून घेतलेले सोल्जर असेच यायचे आमच्याकडे," बाई म्हणाल्या, विठाशी की स्वतःशी ते कळलं नाही. "दोन-तीन महिन्यांनी. बराकीच्या बराकी." मग सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "या मुलीला खाट द्या."

तेव्हा विठाला कळलं. सकाळी फुटक्या आरशात जे दिसलं नव्हतं ते बाईंना उजेडात दिसलं होतं. गंमत म्हणजे इतके दिवस ज्याची धास्ती घेतली ते झालं तरी धास्ती कमी झाली नाही. आता ती दिवस मोजत होती ते चेतीबाईचे. सातवा, आठवा, नववा.

तिला खिडकीजवळची खाट मिळाली. उसाचा रस, भाजलेले चणे, ग्लुकोज. पहिल्या दिवशी एक नवी मुलगी सिरिंज घेऊन आली तेव्हा विठानं हात अंगाखाली घातला आणि मुलगी कितीही म्हणाली तरी बाहेर काढला नाही. तासाभरानं सिस्टर रणनवरे स्वतः आल्या. हातात झाकलेला ट्रे.

"उकळलीय?" विठानं विचारलं. सिस्टरना असं विचारायची हिंमत तिच्यात कुठून आली कुणास ठाऊक.

"पंचवीस मिनिटं. घड्याळ लावून."

सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली. ग्लुकोज गेल्यावरही त्या उठल्या नाहीत, खाटेच्या कडेला बसून राहिल्या.

"मी तेवीस सालापासून नर्स आहे," त्या म्हणाल्या. "सगळीकडे असंच होतं. एकतीस वर्षं. तू स्टोअरमध्ये बोललीस त्या दिवसापासून मी आठवायला बसते, आणि आठवायचं थांबवते." त्यांनी ट्रेवरचं फडकं सारखं केलं. "मॅडमनी जाताना मला विचारलं, मुलगी खोटं बोलते का. मी नाही म्हणाले. एवढंच म्हणाले. त्याच्या पुढचं बोलायला मला जमलं नाही."

त्या गेल्यावर विठा छताकडे बघत पडली. सिस्टरही घाबरतात, हे आजवर तिच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यानं धीर आला असं नाही. उलट मोठ्या माणसाच्या आडोशाला उभं राहावं आणि तो आडोसाच निघून जावा, तसं झालं.

नववा दिवस आला आणि गेला. दहाव्या दिवशी तिला पेज मागावीशी वाटली. तीन आठवड्यांनी डोळे निवळले.

निकालाचं पत्र मार्चअखेर आलं. लेखी पास, प्रात्यक्षिकात नापास. शेरा होता: विहित पद्धतीचा अवलंब केला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बसावे. परीक्षक बाईंनी वर काय कळवलं ते कुणी सांगितलं नाही, चौकशीला कुणी आलं नाही. एप्रिलात मात्र एक लाकडी पेटी आली. भुशात ठेवलेल्या चार डझन सिरिंजा आणि दोन स्टोव्ह. सिस्टरनी सही करून घेतल्या आणि मुलींना एवढंच सांगितलं, "आता कुणी पुसलेलं दिसलं तर घरी पाठवीन." लाजवंती पास झाली होती. ती विठाशी महिनाभर बोलली नाही, मग एके सकाळी तिच्या केसांना तेल लावायला येऊन बसली.

येसू बरी होऊन पुन्हा मंदिराबाहेर बसायला लागली होती. कोंडाजीची बायको शेतावर जात होती. अजमेरला गेलेल्या म्हातारीचा पत्ता इस्पितळाच्या रजिस्टरात नव्हता. विठानं दोनदा शोधून बघितलं.

राहिला मूलचंद. लाजवंती म्हणाली, नको जाऊस, मारेल तो. विठालाही तेच वाटत होतं. तरी एके दिवशी सकाळी ती चार नंबर कॅम्पात गेली. बराकीच्या दारात मूलचंद कापडाचे तुकडे रंगानुसार लावत बसला होता. त्यानं ओळखलं, हसून बसायला खोका पुढं केला. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. मराठीत सांगितलं, मग त्याला कळलं नसेल असं वाटून मोडक्या हिंदीत पुन्हा सांगितलं.

मूलचंदचे हात कापडावर तसेच राहिले. पलीकडच्या बराकीत कुणीतरी पापड लाटत होतं, लाटण्याचा आवाज तेवढा येत होता. विठानं मागं बघून रस्ता कुठं आहे ते बघून ठेवलं.

"उसको मालूम था?" त्यानं विचारलं.

"नाही."

"डॉक्टर को?"

"टोचलं तेव्हा नाही. कुणालाच नाही."

तो उठला. विठा एक पाऊल मागं सरली. पण तो आत गेला आणि दोन्ही मुलींना हाताला धरून बाहेर घेऊन आला, एक अकराची, एक सातची. त्यानं त्यांना विठासमोर उन्हात उभं केलं. त्याचा आवाज घोगरा झाला होता.

"ये दोनों माँ के पास सोती थीं. एक थाली में खाती थीं. देख."

विठानं आधी धाकटीची पापणी ओढली, मग मोठीची. मुली निमूट उभ्या होत्या, मोठीनं भीतीनं ओठ दाबून धरले होते. पांढरं होतं. दोघींचं स्वच्छ पांढरं. पण दिवस किती झाले, अजून किती जायचे, हे सांगता येण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

"आज तरी ठीक आहे," ती म्हणाली. "जेवण नकोसं झालं, मळमळलं, लघवी पिवळी झाली, तर त्याच दिवशी घेऊन या."

"किसके पास? तेरे पास?"

विठाला वाटलं, तो आता हात उगारेल. "माझ्याकडे नको असेल तर सिस्टरकडे या. पण या."

मूलचंदनं मुलींना आत पाठवलं. पुन्हा खाली बसला, एक निळा तुकडा उचलला, तो कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा ते त्याला सुचेना. विठाला ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. तिची दोन वाजताची ड्यूटी होती. थोडा वेळ थांबून ती निघाली.